अमेरिकन स्टडीजची आंतरविद्याशाखीय पदवी : चार वर्षांची आखणी कशी करावी

अमेरिकेतील विद्यापीठांत ‘अमेरिकन स्टडीज’, म्हणजे अमेरिकेचा समाज, इतिहास आणि संस्कृती यांचा अनेक विद्याशाखांतून केलेला अभ्यास, या नावाने दिली जाणारी पदवी विद्यार्थ्याला निवडीचे मोठे स्वातंत्र्य देते, आणि त्या स्वातंत्र्याची आखणी केली नाही तर पदवी विस्कळीत होते. इतिहासाचा एक, साहित्याचा एक, चित्रपटाचा एक, राज्यशास्त्राचा एक असे आवडतील ते अभ्यासक्रम घेत गेल्यास चार वर्षांनी क्रेडिटची बेरीज पूर्ण होते, पण आपण नेमके काय शिकलो, हे विद्यार्थ्याला मुलाखतीत दोन वाक्यांत सांगता येत नाही. भारतातून पदवीसाठी अमेरिकेत जाणारे विद्यार्थी, तसेच तिथेच वाढलेली आणि आता मेजर (पदवीचा मुख्य विषय) निवडण्याच्या वयात आलेली मराठी कुटुंबांतील मुले व त्यांचे पालक यांना ही आखणी करता यावी, म्हणून हा लेख लिहिला आहे. माझा आग्रह दोन गोष्टींसाठी आहे : अभ्यासक्रम निवडण्याआधी प्रश्न निवडावा, आणि अनेक विद्याशाखांतून फिरताना निदान एका विद्याशाखेची पद्धत मुळापासून शिकावी.

आधी विषयाचा इतिहास थोडा समजून घ्यावा

हा विषय १९३० च्या दशकात आकाराला आला. हार्वर्डमध्ये अमेरिकन संस्कृतीच्या इतिहासाचा डॉक्टरेट अभ्यासक्रम १९३७ मध्ये सुरू झाला, ‘अमेरिकन क्वार्टर्ली’ हे नियतकालिक १९४९ मध्ये निघाले आणि अमेरिकन स्टडीज असोसिएशन १९५१ मध्ये स्थापन झाली. पहिल्या पिढीतील अभ्यासक साहित्य आणि इतिहास एकत्र वाचून संपूर्ण देशाची एकच मनोवृत्ती, त्याची मिथके आणि प्रतीके शोधत होते. नागरी हक्क चळवळीनंतर ‘संपूर्ण देश’ म्हणजे नक्की कोण, असा प्रश्न कृष्णवर्णीय, मूलनिवासी, आशियाई व लॅटिनो अभ्यासकांनी आणि स्त्री-अभ्यासकांनी विचारला. सॅन फ्रान्सिस्को स्टेट येथील १९६८-६९ च्या विद्यार्थी संपानंतर तिथे एथ्निक स्टडीजचे (वांशिक समूहांच्या अभ्यासाचे) स्वतंत्र महाविद्यालय उभे राहिले, ते याच काळात. पुढे स्थलांतर, साम्राज्य आणि सीमा यांचा अभ्यास वाढला आणि देशाच्या नकाशाबाहेर पाहणे हा विषयाचा नित्याचा भाग झाला.

हा इतिहास आखणीच्या वेळी थेट उपयोगी पडतो, कारण प्रत्येक विद्यापीठाचा विभाग या वाटचालीत वेगळ्या ठिकाणी उभा आहे. कुठे साहित्य आणि कलेवर भर असतो, कुठे वंश आणि स्थलांतरावर, कुठे संग्रहालये, वास्तू आणि भौतिक संस्कृतीवर. विभागाच्या संकेतस्थळावरील परिचयाचा मजकूर सगळीकडे साधारण सारखाच असल्यामुळे तो वाचून हा फरक कळत नाही. त्याऐवजी गेल्या दोन-तीन वर्षांची प्रत्यक्ष वेळापत्रके काढून कोणते अभ्यासक्रम खरोखर शिकवले गेले, ते पाहावे. कॅटलॉगमध्ये छापलेला अभ्यासक्रम दरवर्षी शिकवला जाईलच असे नसते.

वेळापत्रक पाहतानाच आणखी एक चौकशी करावी. अमेरिकन स्टडीज हा त्या विद्यापीठात स्वतःचे प्राध्यापक असलेला विभाग आहे, की इतर विभागांतील प्राध्यापकांच्या समितीने चालवलेला कार्यक्रम आहे? समितीचा कार्यक्रम वाईट असतो असे मुळीच नाही. मात्र तिथे एखादे प्राध्यापक रजेवर गेले की अनिवार्य सेमिनार वर्षभर लांबू शकतो आणि आठ सेमिस्टरचे गणित बिघडते.

वाट कोणती घ्यावी

पदवीपर्यंत जाण्याच्या मुख्य वाटा तीन आहेत. पहिली म्हणजे तयार मेजर. यात पायाभूत अभ्यासक्रम, संशोधनपद्धतीचा सेमिनार, काही वैकल्पिक अभ्यासक्रम आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प असा सांगाडा विभागानेच दिलेला असतो. त्यातही मोकळीक असू शकते : बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अमेरिकन स्टडीजचा विद्यार्थी स्वतःचे विशेष क्षेत्र स्वतः आखतो आणि त्यासाठी निरनिराळ्या विभागांतले अभ्यासक्रम जोडतो. दुसरी वाट स्वतः रचलेल्या मेजरची. न्यूयॉर्क विद्यापीठाचे गॅलॅटिन स्कूल याच तत्त्वावर चालते, आणि ब्राउन विद्यापीठात स्वतंत्र मेजरचा प्रस्ताव मांडता येतो. तिसरी वाट म्हणजे इतिहास, अर्थशास्त्र, संगणकशास्त्र किंवा सार्वजनिक आरोग्य असे एक मेजर घेऊन अमेरिकन स्टडीज हे दुसरे मेजर किंवा मायनर (दुय्यम विषय) म्हणून घेणे.

माझ्या मते बहुतेकांनी पहिली किंवा तिसरी वाट घ्यावी. स्वतः रचलेले मेजर ज्याचा प्रश्न खरोखर कोणत्याही तयार चौकटीत बसत नाही आणि ज्याला मार्गदर्शक प्राध्यापक आधीच मिळाले आहेत, त्याच्यासाठी योग्य ठरते. केवळ अवघड वाटणारा एखादा अनिवार्य अभ्यासक्रम टाळण्यासाठी ती वाट धरू नये, आणि प्रस्ताव वाचणाऱ्या समितीलाही तो हेतू लगेच कळतो.

प्रश्न कसा निवडावा

‘मला अमेरिकन संस्कृतीत रस आहे’ हा प्रश्न होत नाही, आणि ‘स्थलांतर’ हाही होत नाही, कारण ते केवळ विषयांचे मथळे आहेत. प्रश्नाला स्थळ, काळ आणि माणसे असावी लागतात, आणि एका विद्याशाखेच्या साधनांनी त्याचे उत्तर अपुरे राहते, असे दाखवता यावे लागते. हे प्रत्यक्षात कसे दिसते ते एका वस्तूवरून पाहू.

कॅलिफोर्नियातील सलिनास खोऱ्यात लेट्यूसची आणि इतरत्र बीटची विरळणी करण्यासाठी शेतमजुरांना दोन फुटांहून लहान दांड्याची कुदळ दिली जात असे. मजूर तिला ‘एल कोर्तितो’ म्हणत. ती वापरायची तर दिवसभर कमरेत वाकून चालावे लागे, आणि वर्षानुवर्षे तसे काम केल्याने पाठीचा कणा कायमचा निकामी होत असे. आखूड दांड्यामुळे विरळणी अचूक होते, असा मळेवाल्यांचा दावा होता. मजुरांच्या वतीने कायदेशीर मदत करणाऱ्या वकिलांनी हे प्रकरण राज्याच्या औद्योगिक सुरक्षा यंत्रणेपुढे नेले. तिथे मागणी फेटाळली गेली. नंतर १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मजुरांच्या बाजूने निर्णय दिला आणि त्याच वर्षी त्या कुदळीच्या वापरावर बंदी आली. अशी एक कुदळ आज स्मिथसोनियनच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

आता या एका वस्तूपासून प्रश्न कसे फुटतात ते पाहावे. पाठीच्या इजेची साक्ष डॉक्टरांनी कशी दिली, हा वैद्यकाचा आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे. असुरक्षित अवजार म्हणजे काय, याची व्याख्या न्यायालयाने कशी लावली, हा कायद्याचा. शेतमजुरांना संघटनेचे संरक्षण का नव्हते, याचे उत्तर शोधताना १९३५ च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्यापर्यंत जावे लागते, कारण त्या कायद्यातून शेतमजूर वगळलेले होते. हा राजकीय इतिहास झाला. हे मजूर मेक्सिकोतून कसे आले, हे समजण्यासाठी मेक्सिकन मजुरांना करारावर आणणारी १९४२ ते १९६४ या काळातील ब्रासेरो योजना अभ्यासावी लागते, ज्यात ४५ लाखांहून अधिक करार झाले. त्याआधीच्या चिनी, जपानी, पंजाबी आणि फिलिपिनो मजुरांचा इतिहास १८८२ च्या चिनी प्रवेशबंदी कायद्याशी आणि पुढच्या वंशाधारित निर्बंधांशी बांधलेला आहे. ८ सप्टेंबर १९६५ रोजी डिलेनो येथे द्राक्षमळ्यांतील संप लॅरी इटलियोंग यांच्या नेतृत्वाखालील फिलिपिनो मजुरांनी सुरू केला, काही दिवसांतच सेझर चावेझ आणि डोलोरेस ह्युर्ता यांची शेतमजूर संघटना त्यात उतरली, आणि त्याच संपातून ‘एल तेआत्रो कॅम्पेसिनो’ ही नाट्यसंस्था जन्माला आली, जिचे प्रयोग ट्रकच्या उघड्या पाठीवर होत. इथे नाट्यशास्त्र आणि स्पॅनिश भाषा या दोन्ही अभ्यासाच्या कक्षेत येतात.

यातून विद्यार्थ्याने आपला प्रश्न असा मांडावा : ‘१९४२ ते १९७५ या काळात कॅलिफोर्नियातील शेतमजुराच्या शरीराला होणारी इजा ही खासगी दुखण्यापासून सार्वजनिक आणि कायदेशीर प्रश्न कशी बनली?’ असा प्रश्न हाती आला की कोणता अभ्यासक्रम कामाचा आणि कोणता नुसता आकर्षक, हे ठरवणे सोपे जाते. प्रश्न दुसऱ्या वर्षाच्या शेवटी बदलला तरी बिघडत नाही. तो लिहून ठेवलेला मात्र असावा, कारण लिहिलेला प्रश्नच दुरुस्त करता येतो.

महाराष्ट्रातून आलेल्या विद्यार्थ्याला या उदाहरणात एक गोष्ट लवकर कळेल. बीड किंवा अहिल्यानगरकडील ऊसतोडीची व्यवस्था ज्याने पाहिली आहे, त्याला मुकादम, उचल आणि कोयत्याची जोडी हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. आणि मळेवाला आणि मजूर यांच्यामध्ये कंत्राटदार आला की जबाबदारी कशी नाहीशी होते, हेही त्याला ठाऊक असते. कॅलिफोर्नियातही असा कंत्राटदार आहे आणि त्याला राज्याचा परवाना घ्यावा लागतो. घरून आणलेले हे ज्ञान अभ्यासात वापरावे, फक्त दोन व्यवस्थांमधले फरक नीट तपासूनच.

आठ सेमिस्टरची मांडणी

अमेरिकेतील पदवीसाठी साधारण १२० क्रेडिट लागतात आणि मेजरचा वाटा सहसा १० ते १४ अभ्यासक्रमांचा असतो. उरलेल्या जागेत सामान्य शिक्षणाच्या अटी, भाषा आणि वैकल्पिक अभ्यासक्रम येतात. पहिल्या वर्षी अमेरिकेच्या इतिहासाचा सर्वेक्षणात्मक अभ्यासक्रम, अमेरिकन स्टडीजची ओळख, एक लेखनाचा आणि एक संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम घ्यावा. संख्याशास्त्राला मानव्यविद्येचे विद्यार्थी कंटाळतात, पण जनगणनेचा तक्ता किंवा मजुरीची आकडेवारी वाचता येत नसेल, तर आंतरविद्याशाखीय हा शब्द कागदावरच राहतो. वरच्या उदाहरणातील विद्यार्थ्याने स्पॅनिशही पहिल्याच सेमिस्टरपासून सुरू करावी, कारण मूळ कागदपत्रे वाचण्याइतकी भाषा यायला किमान दोन वर्षे जातात. काही विद्यापीठांत मराठीच्या प्राविण्याची परीक्षा देऊन भाषेच्या अटीतून सूट मिळू शकते. ती जरूर मिळवावी आणि त्यामुळे शिल्लक राहिलेली क्रेडिट संशोधनाला लागणाऱ्या भाषेसाठी खर्च करावीत.

दुसऱ्या वर्षी आधारशाखा ठरवावी. इतिहास, समाजशास्त्र, साहित्य, भूगोल, मानवशास्त्र यांपैकी एका शाखेत किमान चार अभ्यासक्रम असे घ्यावेत की त्यात पायाभूत, पद्धतीविषयक आणि वरच्या पातळीचा असे टप्पे येतील. इतिहास ही आधारशाखा निवडली तर दप्तरखान्यातील कागद कोणी, कोणासाठी, कोणत्या हेतूने लिहिला, हे विचारण्याची सवय लागते. समाजशास्त्र निवडले तर मुलाखत आणि सर्वेक्षण शिकता येते. चार शाखांचे चार ओळखपर अभ्यासक्रम केल्याने यातली एकही सवय लागत नाही, आणि माझ्या दृष्टीने या पदवीचा सर्वांत मोठा धोका हाच आहे. मेजरची औपचारिक नोंदणी बहुधा याच वर्षाच्या अखेरीस करावी लागते.

तिसरे वर्ष संशोधनपद्धतीचा सेमिनार आणि वरच्या पातळीचे अभ्यासक्रम यांसाठी असते. आपल्या उदाहरणात कामगार कायदा, लॅटिनो व आशियाई-अमेरिकन इतिहास, पाणी आणि शेती यांचा भूगोल, सार्वजनिक आरोग्याचा इतिहास असे अभ्यासक्रम बसतील. दोन विभागांत एकाच वेळी नोंदलेले सामायिक अभ्यासक्रम इथे फार उपयोगी पडतात, मात्र एकच अभ्यासक्रम दोन मेजरमध्ये मोजण्यावर विद्यापीठाची मर्यादा असते. ती किती आहे, हे लेखी विचारून घ्यावे. चौथे वर्ष लघुप्रबंधासाठी मोकळे ठेवावे. अनिवार्य विज्ञानाचा किंवा सामान्य शिक्षणाचा अभ्यासक्रम शेवटच्या सेमिस्टरसाठी राखून ठेवू नये.

ज्यांनी कम्युनिटी कॉलेजमधून (दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयातून) सुरुवात केली आहे, त्यांनी तिथला कोणता अभ्यासक्रम पुढच्या विद्यापीठात कशासाठी मोजला जातो, हे आधी पाहावे. कॅलिफोर्नियात यासाठी ‘असिस्ट’ ही सार्वजनिक सूची आहे. क्रेडिट स्वीकारले जाणे आणि ते मेजरच्या अटीत मोजले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या फरकामुळे अनेकांचे एक सेमिस्टर वाढते.

व्हिसावरील विद्यार्थ्यांसाठी

एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असलेल्या पदवीच्या विद्यार्थ्याला प्रत्येक नियमित सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट घ्यावी लागतात, आणि त्यात ऑनलाइन अभ्यासक्रमाचा वाटा एका अभ्यासक्रमापुरता, म्हणजे तीन क्रेडिटपुरता धरला जातो. संग्रहालयात किंवा स्वयंसेवी संस्थेत मानधन मिळणारी इंटर्नशिप करायची असेल, तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी आधी लागते, आणि ती सहसा एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावरच मिळते. त्यामुळे पहिल्या शैक्षणिक वर्षानंतरच्या संधी पाहूनच योजना करावी.

पालकांनी एक गोष्ट प्रवेशाआधीच समजून घ्यावी. प्रत्येक मेजरला सरकारी वर्गीकरणाचा एक क्रमांक असतो; अमेरिकन स्टडीजचा ०५.०१०२ आहे. हा क्रमांक विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत मोडत नाही, म्हणून पदवीनंतर काम करण्याची मुदत १२ महिन्यांची असते आणि त्या यादीतील मेजरना मिळणारी २४ महिन्यांची वाढ या पदवीवर मिळत नाही. ज्याला नोकरीसाठी अधिक काळ तिथे राहणे आवश्यक वाटते, त्याने त्या यादीतील मेजरसोबत अमेरिकन स्टडीज दुसरे मेजर म्हणून घेण्याचा विचार करावा. हे नियम बदलत असतात, तेव्हा निर्णयाच्या वेळी कार्यालयाकडून ताजी माहिती घ्यावी.

स्वतः रचलेल्या मेजरचा प्रस्ताव

प्रस्तावात चार गोष्टी असाव्यात : प्रश्न, तो कोणत्याही विद्यमान मेजरमध्ये का बसत नाही याचे प्रामाणिक कारण, सेमिस्टरवार अभ्यासक्रमांची यादी आणि मार्गदर्शकाची संमती. यादीतील प्रत्येक अभ्यासक्रमापुढे तो प्रश्नाच्या कोणत्या भागासाठी आहे, हे एका वाक्यात लिहावे. ते वाक्य लिहिता आले नाही, तर तो अभ्यासक्रम यादीतून काढावा. एखादा अभ्यासक्रम रद्द झाला तर त्याच्या जागी काय घ्यायचे, तेही तिथेच नोंदवावे. समितीला या तयारीवरून विद्यार्थ्याचे गांभीर्य कळते. मार्गदर्शक दोन वेगळ्या विभागांतील असले तर उत्तम, आणि त्यांपैकी एकाने तरी तुमच्या पदवीपर्यंत विद्यापीठात असणे अपेक्षित असावे. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील किंवा तात्पुरत्या नेमणुकीवरील प्राध्यापकांना एकमेव मार्गदर्शक करू नये.

लघुप्रबंध आणि मूळ साधने

लघुप्रबंधाचा विषय साधनांच्या उपलब्धतेवर ठरतो, त्यामुळे तिसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंत साधने कुठे आहेत, हे हुडकून ठेवावे. शेतमजूर संघटनेची कागदपत्रे कॅलिफोर्नियात असतील असे वाटते, पण त्यांचा मोठा संग्रह डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातील वॉल्टर रॉयथर ग्रंथालयात आहे. म्हणजे प्रवासाचा खर्च आला, आणि त्यासाठी विद्यापीठाच्या पदवीपूर्व संशोधन अनुदानाचा अर्ज सहा महिने आधी करावा लागतो. घरबसल्या पाहता येतील अशा संग्रहांत ब्रासेरो हिस्टरी अर्काइव्हमधील मुलाखती, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहातील १९३० च्या दशकातली ग्रामीण स्थलांतरितांची सरकारी छायाचित्रे, ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’मधील जुनी वृत्तपत्रे आणि दक्षिण आशियाई अमेरिकनांच्या इतिहासासाठी ‘साडा’चा डिजिटल संग्रह यांचा समावेश होतो. जनगणनेतील व्यक्तिवार नोंदी ७२ वर्षांनी खुल्या होतात, म्हणून सध्या १९५० पर्यंतच्याच पाहता येतात.

जिवंत माणसांच्या मुलाखती घ्यायच्या असतील, तर विद्यापीठाच्या संशोधन-नीती मंडळाकडे आधी विचारणा करावी. मौखिक इतिहासाला काही प्रकारच्या तपासणीतून सूट असू शकते, पण ती सूट लागू आहे की नाही, हे विद्यार्थ्याने स्वतः ठरवायचे नसते. शेतमजुरांपैकी अनेकांची कायदेशीर स्थिती नाजूक असते, आणि त्यांचे नाव-गाव उघड झाल्यास होणारे नुकसान आपल्या गुणपत्रिकेपेक्षा फार मोठे आहे, हे मुलाखतीच्या प्रत्येक टप्प्यावर ध्यानात ठेवावे.

मराठी वाचता येणाऱ्या विद्यार्थ्याकडे एक दुर्मीळ साधन आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मधील ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या आणि तिथल्या लोकस्थितीवरचे त्यांचे मराठी पुस्तक १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकोणिसाव्या शतकातील अमेरिका बाहेरून कशी दिसत होती, हे सांगणारी ही मूळ साधने तिथल्या बहुतेक विद्यार्थ्यांना अनुवादाशिवाय वाचता येत नाहीत. स्त्री-शिक्षण किंवा गुलामगिरीविरोधी चळवळ हा विषय असेल, तर या साधनांना संदर्भसूचीत केवळ उल्लेखापुरते न ठेवता एखादे प्रकरण द्यावे.

पदवीनंतरची तयारी

या पदवीचे विद्यार्थी कायद्याच्या शाळेत, पत्रकारितेत, संग्रहालये व दप्तरखान्यांत, ग्रंथालयशास्त्रात, सार्वजनिक धोरणात आणि अध्यापनात जातात. नोकरी देणाऱ्यापुढे मेजरचे नाव पुरेसे बोलत नाही, म्हणून दुसऱ्या वर्षापासून कामाचा संग्रह करावा : एक दीर्घ संशोधन-निबंध, आकडेवारीवर आधारलेले एक छोटे विश्लेषण, आणि सर्वसामान्य वाचकासाठी लिहिलेला एक लेख किंवा प्रदर्शनाचा मजकूर.

भारतात परतून पुढचे शिक्षण घ्यायचे किंवा सरकारी नोकरीसाठी अर्ज करायचा असल्यास पदवीची समकक्षता सिद्ध करावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये यासाठी नवे नियम केले आहेत, ते वाचावेत. आंतरविद्याशाखीय पदवीच्या बाबतीत ‘हा विषय आमच्याकडे नाही’ असे उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते, आणि अशा वेळी गुणपत्रिकेवरील अभ्यासक्रमांची नावे पुरत नाहीत. म्हणून प्रत्येक सेमिस्टरच्या शेवटी प्रत्येक अभ्यासक्रमाचा सविस्तर सिलॅबस, वाचनसूची आणि क्रेडिटची नोंद एका ठिकाणी जतन करावी. विद्यापीठाचे खाते पदवीनंतर बंद होते आणि तिथले सिलॅबस त्याबरोबर जातात, त्यामुळे ही प्रत स्वतःच्या संगणकावर असावी आणि एक घरच्यांकडेही द्यावी.